आठ बाय दहाची खोली

३ मार्च, मंगळवार

आज कार्यालय उघडलं. साडेदहाला साहेबांनी काचेचं दार स्वतः ढकललं, आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "अरे वा, हे आपलंच का?" दीड वर्षाच्या पायपिटीचं त्या एका वाक्यात सार्थक झालं.

जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? प्लायवूडचे आडोसे, कपाटांच्या गल्ल्या, "इथे नाही, पलीकडे विचारा". साठ वर्षांपूर्वी ज्या वास्तुकारांनी ही इमारत बांधली त्यांनी छताचा सगळा भार खांबांवर घेतला होता आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग पट्टीसारखी खिडकी ठेवली होती. पुढे आलेल्यांनी त्या खिडकीपुढे कपाटं उभी केली. मी सगळं उपसलं. आता दारात उभं राहिलं की अख्खा हॉल एका नजरेत येतो. उघडं काँक्रीट, लांब टेबलं, साहेबांनासुद्धा केबिन नाही. एक ते पाच टेबलांवर जन्म, सहाव्यावर मृत्यू. वर पडदा, त्यावर नंबर येतो आणि एक गोड आवाज पुकारतो. कॉलेजात आमचे सर म्हणायचे, "भिंत घालणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं." आज ते असते तर!

दादा इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा होता. तेवीस वर्षं मृत्यूच्या नोंदी तोच करतो. काम मला स्पर्धेतून मिळालं, पण लोक काय, जिभेला हाड नसतं त्यांच्या. म्हणून आपलं नातं तिथे बोलायचं नाही, असं मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानं ते इतकं पाळलं की आज मला "नमस्कार मॅडम" म्हणाला. मला हसूच आलं. कोणी जवळ नाही असं बघून विचारलं, "कसं वाटतंय?"

"उजेड खूप आहे गं," म्हणाला.

दादाकडून एवढी स्तुती म्हणजे डोक्यावरून पाणी.

५ मार्च, गुरुवार

वास्तुकला परिषदेच्या पारितोषिकाच्या शेवटच्या फेरीत आमचं काम आलं. अठराला तीन परीक्षक पाहायला येणार. दुपारभर अहवाल लिहिला. "मूळ रचनेत नसलेली, नंतर घुसडलेली एक बंद खोली काढून वास्तूला तिचा मोकळेपणा परत दिला," हे वाक्य चांगलं जमलंय. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचलं.

८ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला गेले होते. वहिनी मला "वन्सं" म्हणाली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आज ताट वाढतानाच म्हणाली, "वन्सं, तुमच्या त्या नव्या हापिसात फरशी पुसायला माणसं नाहीत का?"

"का गं?"

"यांच्या शर्टाला रोज फिनेलचा वास. कारकून आहेत की सफाई कामगार, तेच कळेना मला."

दादा म्हणाला, "तू आमटी वाढ."

ठेकेदारानं स्वस्तातलं फिनेल आणलेलं दिसतंय. उद्याच त्याला फैलावर घ्यायला हवं. काँक्रीटलाही ते चांगलं नाही.

दादा वाळलाय. गुडघा दुखतो म्हणाला. जिने फार होतात म्हणे. त्याचं टेबल तर तळमजल्यापासून एकाच जिन्यावर आहे. वय झालं, दुसरं काय.

११ मार्च, बुधवार

डोकं फिरलंय. अचानक पाहणीला गेले, तर सहा नंबरच्या टेबलाशेजारी जी काचेची उभी तावदानं आहेत त्यांवर कोणीतरी खाकी कागद चिकटवलेला. तोही साध्या चिकटपट्टीनं, वेडावाकडा! दारातून दिसणारं ते पहिलं दृश्य आहे. तिथूनच फोटो निघणार आहेत. मी पर्समधली कटरची पाती काढली आणि सगळ्यांसमोर तो कागद खरवडून काढला.  जन्माच्या रांगेतलं एक तान्हं बाळ तेवढं रडत होतं.

साहेबांना म्हटलं, "असं चालणार असेल तर मी परीक्षकांना दाखवू काय?" ते म्हणाले, "कोणी केलं ते शोधतो, मेमो देतो." मी म्हटलं, "द्याच."

दादा जागेवर नव्हता. शिपाई म्हणाला, "खाली गेलेत." अख्खा हॉल दिसतो याचा एक फायदा असा की कोण जागेवर नाही तेही दिसतं. पण दादाला हे मी कसं सांगणार.

१२ मार्च, गुरुवार

दादाला फोन केला. कागद कोणी लावला ते विचारलं. "हो, पाहिला होता कागद," म्हणाला, आणि मग माझ्या गाडीच्या ब्रेकचं काय झालं ते विचारत बसला.

१७ मार्च, मंगळवार

उद्या परीक्षक. सगळी तयारी झाली. साहेबांनी तोंडी हुकूम काढलाय, उद्या कोणीही टेबल सोडायचं नाही.

संध्याकाळी जुने नकाशे सांभाळणाऱ्या काकांचा फोन आला. "मॅडम, तो पहिल्या मजल्याचा नकाशा तुमच्याकडेच राहिलाय. वर्ष झालं. परत करता ना?" मी म्हटलं, "शोधते."

शोधायचं काय त्यात? माझ्या कपाटामागे गुंडाळी आहे. वहीत तरी खरं लिहावं.

मी पाडलेली ती बंद खोली कोणी नंतर घुसडलेली नव्हती. मूळ वास्तुकारांनीच ती नकाशात आखली होती. आठ बाय दहाची, नऊ इंच जाडीच्या विटेच्या भिंतींची. सगळ्या मजल्यावर खांब आणि काचा, आणि या एकाच खोलीला जाड भिंती. शिवाय दोन दारं. एक हॉलमध्ये उघडणारं, दुसरं थेट बाजूच्या जिन्यावर. शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, "मृत्यू नोंद. येणाऱ्यास परत हॉलमधून जावे लागू नये."

गेल्या वर्षी हे वाचलं तेव्हा माझा आराखडा मंजूर झाला होता. "वास्तूला तिचं मूळ रूप परत" असं मी साहेबांपुढे, वरच्या समितीपुढे, सगळ्यांपुढे बोलून बसले होते. मी नकाशा गुंडाळला आणि घरी आणला. मनाला सांगितलं, ते साठ वर्षांपूर्वीचं, आता लोक बदलले, लोकांना मोकळेपणा हवा असतो.

कोणत्या लोकांना, हे मी विचारलं नव्हतं. कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली होती. उत्तरांचा गठ्ठा आला तो उघडलाच नाही. "कर्मचाऱ्यांशी चर्चा करून" असं मात्र अहवालात आहे.

१८ मार्च, बुधवार

 आज नाही लिहिलं तर उद्या मी ते बदलून लिहीन. मला मी ओळखते.

परीक्षक अकराला आले. दोन पुरुष, एक बाई. ऊन बरोबर त्या पट्टीच्या खिडकीतून तिरपं येत होतं. एक जण तर छताकडेच बघत राहिले. पाच नंबरला एक नवा बाप मोबाइलमधला मुलीचा फोटो कारकुनाला, शिपायाला, दिसेल त्याला दाखवत होता. परीक्षक बाईंनाही दाखवला. त्या हसल्या. मला वाटलं, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

तेवढ्यात तो गोड आवाज म्हणाला, "मृत्यू, क्रमांक चौदा, टेबल सहा." साऱ्या हॉलनं वळून पाहिलं, चौदा नंबर कोण ते.

पंचविशीची मुलगी होती. एकटीच. हातात फाइल. दादानं तिचा कागद पाहिला आणि तो लगेच उठला. हळूच तिला म्हणाला, "चला, आपण खाली बसून लिहू."

साहेब परीक्षकांच्या मागे उभे होते. त्यांनी डोळे वटारले. दादा थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

आजवर त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नाही. आज नजरेनं मागत होता. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होते. आणि मी हात केला. असा, तळवा खाली करून. बस.

तो बसला. मग तीही बसली.

उघड्या काँक्रीटच्या छताला आवाज शोषता येत नाही. सगळा खाली परत फेकला जातो. पुस्तकात वाचलेलं आहे मी ते, विद्यार्थ्यांना शिकवलंही आहे. दादा अगदी कुजबुजत विचारत होता, तरी आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"वय?"

"अकरा दिवस."

"जन्माची नोंद झालीये का, बेटा?"

"नाही. तेच... त्यांनी सांगितलं आधी जन्माची करावी लागेल. त्याशिवाय ही होत नाही."

"हो. ती पाच नंबरला..." दादानं नजरेनंच पाच नंबर दाखवला.

पाच नंबरला तो बाप उभा होता. त्यानं मोबाइल खिशात घातला. खुर्ची रिकामी करून दिली. "बसा ना, बसा," म्हणाला. बिचाऱ्याला काय करावं कळेना. ती उठली, दोन टेबलांच्या मधे उभी राहिली. इकडे जन्म, तिकडे मृत्यू, मधे चार फूट. ते अंतर मीच ठरवलं होतं. तिनं वर पाहिलं, चहूकडे पाहिलं. तोंड कुठे वळवावं यासाठी जागा शोधत होती. माझ्या हॉलमध्ये तशी जागा नाही. जिकडे वळेल तिकडे काच आणि माणसं.

मग तिनं फाइल तोंडापुढे धरली आणि तशीच दाराकडे चालत गेली. सगळा हॉल ओलांडून. दादा उठला आणि तिच्या मागे धावला. साहेबांनी "अहो!" म्हटलं, तरी थांबला नाही. पाच मिनिटांनी एकटाच परत आला. अर्धा भरलेला फॉर्म त्याच्या हातात होता.

छत बघणारे परीक्षक मला म्हणाले, "फारच पारदर्शक. अभिनंदन."

मी "थँक यू" म्हणाले. म्हणाले मी.

१९ मार्च, गुरुवार

"खाली" म्हणजे कुठे ते पाहायला गेले. तळमजल्यावर जिन्याखाली सफाईचं सामान ठेवायची जागा आहे. नकाशात मी तिला "भांडार" असं नाव दिलं होतं आणि दार पांढरं रंगवायला सांगितलं होतं, इतकंच. सफाईवाल्या मावशींनी दार उघडलं. आत दोन खुर्च्या, मधे उलटी बादली, बादलीवर फळी. फळीवर धुतलेला ग्लास, पाण्याचा तांब्या. मागे झाडू, फडकी आणि फिनेलचे डबे.

"आमचे सहा नंबरचे साहेब लोकांना इथं आणतात," मावशी म्हणाल्या. "मी बाहेर उभी राहते, कोणी यायला नको म्हणून. वर रडायला जागा ठेवली नाही ना बाई कोणी."

मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. पाहणीला आलेली कोणी असेन असं वाटलं असावं. मी विचारलं, "वर काचेला कागद कोणी लावला होता?"

"मीच लावला होता. मला मेमो आला असता तर गेलेच असते, मी रोजंदारीवर. सहा नंबरचे साहेब म्हणाले, माझं नाव सांगतो. त्यांना मेमो मिळाला. आता काल उठून गेले म्हणून दुसरा. बदली होणार म्हणतात लांबच्या शाखेला." मग दार लावता लावता म्हणाल्या, "कोणीतरी एक बाई आली होती म्हणे, पातीनं कागद फाडला. मी नव्हते त्या दिवशी. असते तर विचारलं असतं तिला."

मी मान हलवली.  जिना चढताना पायऱ्या मोजल्या. दादा रोज दहा-बारा वेळा हा जिना उतरतो आणि चढतो. आणि मी लिहिलंय, वय झालं.

२१ मार्च, शनिवार

वहिनी स्टुडिओत आली. कधी येत नाही. बस म्हटलं तर बसली नाही. बदलीचा कागद आला होता. रोज दीड तास जायला, दीड तास यायला.

"त्यांना सांगू नकोस मी आले म्हणून," ती म्हणाली. आज "वन्सं" नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली. "मला तुमचं ते खांब-बिंब काही कळत नाही. एकच विचारायचंय. बाबा गेले तेव्हा तू त्या खोलीत बसली होतीस की नाही?"

बसले होते. सात वर्षांपूर्वी. दादानं स्वतःच्या हातानं बाबांचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं, पेन बंद केलं, आणि मग आम्ही दोघं तिथे किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मी इतकी रडले की चेहरा सुजला. दादानं बाजूचं दार उघडून दिलं आणि मी जिन्यानं थेट रस्त्यावर आले. कोणी मला पाहिलं नाही. आणि सवयीनं मी त्या दिवशीही खोली नजरेनं मोजली होती. आठ बाय दहा.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "आठवतंय म्हणजे," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरली असशील. विसरली असतीस तर बरं झालं असतं."

आणि गेली.

२३ मार्च, सोमवार

पारितोषिक आम्हाला जाहीर झालं. दिवसभर फोन. शेवटी मोबाइल उशीखाली ठेवला, माणसाचं तोंड दाबावं तसा.

खांबांनी छताचा भार घेतला तेव्हा भिंतींना काही काम उरलं नाही, असं आम्ही शिकलो, आणि पुढच्यांना शिकवलं. ज्यानं हा विचार स्वतः काँक्रीटमध्ये उभा केला त्या माणसाला मात्र माहीत होतं की एका भिंतीला अजून काम आहे. त्यानं ती नऊ इंच जाड केली. मी त्याचं नाव घेत घेत ती पाडली.

२५ मार्च, बुधवार

नकाशा घेऊन साहेबांकडे गेले. बसायला केबिन नाही, म्हणून जे सांगायचं ते हॉलमध्येच, उभ्यानं सांगावं लागलं. बाजूच्या टेबलांवरचे हात थांबले. बरंच झालं. खोली मूळचीच होती, मला माहीत होतं, मी लपवलं. कर्मचाऱ्यांशी चर्चा केली नाही. आणि सहा नंबरचे कारकून माझे सख्खे भाऊ आहेत.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरून बघितला. "मॅडम, आता हे कशाला काढताय? सगळं छान झालं होतं." मग आवाज खाली आणून, "भाऊ? ते कधी बोलले नाहीत."

"मीच बोलू नको म्हटलं होतं."

"बदली रद्द होणार नाही हं. वरून सही झालीये. त्यात माझा हात नाही." खिडकीकडे पाहत म्हणाले, "भिंत हवी असेल तर लेखी द्या. सगळं लेखी द्या."

तिथेच बसून दिलं. एक प्रत परिषदेला, पारितोषिक परत घ्यावं म्हणून. नकाशावाल्या काकांनी गुंडाळी हातात घेतली, पोचपावती दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर झाला तुम्हाला."

मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनाही सांगितलं, पाती माझी होती. त्यांनी फडकं पिळलं. "बरं," म्हणाल्या. "पाय जरा बाजूला घ्या."

२९ मार्च, रविवार

दादाकडे गेले. येताना गाडीत सगळं पाठ केलं होतं. नकाशा, अहवाल, लेखी दिलेलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटत होतं, आता म्हणेल, जाऊ दे गं. लहानपणापासून माझं काहीही फुटलं-तुटलं की तो हेच म्हणत आलाय. खरं तर मी तेवढ्यासाठीच गेले होते.

तो म्हणाला, "भिंतीचं मला काही नाही. तुझं शिक्षण तसं, तुला वाटलं, केलंस. चुकते माणसाची भिंत. पण मी तुझ्याकडे बघितलं होतं."

"हो."

"हात का केलास?"

 साहेब होते म्हणून, परीक्षक होते म्हणून, हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

"त्या मुलीला मी 'चला' म्हटलं होतं," दादा म्हणाला. "ती उठली होती. उठलेल्या माणसाला आपण परत बसवलं."

"आपण" म्हणाला. मला एकटीला त्यानं तेव्हाही सोडलं नाही, आणि त्यामुळे मला वर मान करता येईना.

जेवायला थांब असं कोणी म्हणालं नाही. मीही थांबले नाही.

२७ एप्रिल, सोमवार

भिंत छातीपर्यंत आली. नऊ इंची, विटेचीच. बाजूच्या जिन्यावरचं जुनं दार मिस्त्रीला प्लास्टरखाली सापडलं. दगड घालून बुजवलं होतं, माझ्याच ठेकेदारानं. पारितोषिक दुसऱ्यांना गेलं. व्यवसायातल्या लोकांत माझ्याबद्दल जे बोललं जातं ते माझ्या कानावर येईल अशा बेतानंच बोललं जातं. दोन कामं गेली. तक्रार नाही.

खोलीत दादा बसणार नाही. तो दीड तासावरच्या शाखेत रुळतोय म्हणे. त्याच्या जागी आलेल्या नव्या कारकून बाईंना मी विचारलं, ती अकरा दिवसांच्या बाळाची आई परत आली का? नाही आली.

२ मे, शनिवार

सकाळी दादाचा फोन आला. महिन्याभरात पहिला. "तो अर्धा फॉर्म माझ्याकडे आहे. पत्ता आहे त्यावर. कार्यालयात नाही आली तर आपण जाऊ. येतेस?"

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. तिनंच दार उघडलं. दादाला ओळखून बाजूला झाली. माझ्याकडे पाहत राहिली.

"तुम्ही तिथे उभ्या होतात ना?"

"हो," मी म्हटलं. "ते ऑफिस मीच तसं केलंय. हे तुम्हाला खाली घेऊन जाणार होते, मीच हात करून यांना परत बसवलं."

 क्षमा वगैरे काही नाही. का करावी? पण तिनं दारही लावलं नाही. दादा खुर्चीच्या कडेवर बसला, तो अर्धा फॉर्म आणि जन्माचा एक कोरा फॉर्म मांडीवर घेतला आणि त्याच्या त्या हळू आवाजात एकेक विचारू लागला. तारीख. वेळ. वजन. ती सांगत गेली. मी कोपऱ्यात उभी होते. मग "नाव" असा रकाना आला.

"नाव ठेवलं नव्हतं अजून," ती म्हणाली. "आता लिहिलं तर चालतं का?"

"चालतं की," दादा म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. मी बाहेर आले, दार हळूच ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं.

अर्ध्या तासानं दादा आला. दोन्ही फॉर्म पूर्ण भरलेले, घडी घालून वरच्या खिशात. आम्ही दोघं रस्त्यापर्यंत चालत आलो. नाव काय लिहिलं ते मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.